कावळ्याला दिलेला शब्द

श्रीरामपूर
६ जून १९७१

चांगुणा,

जयभीम. त्याच्यामागं 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नाही.

बोधगयेहून तुमची मंडळी परतली त्या दिवशी मी स्टेशनावर हार घेऊन उभा होतो. सगळी वस्ती लोटली होती, पोरांनी लेझीम आणली होती. गाडी आली, सगळे उतरले, तू नाही. म्हणे चांगुणाबाई पुणतांब्यालाच उतरल्या आणि बोधिवृक्षाचं रोपही त्यांच्याकडंच आहे. मला वाटलं, बाई प्रवासानं शिणली असेल. तो हार मी तसाच घरी आणून फोटोला घातला.

तू आधीच का उतरलीस ते आता कळलं. परवा बायडाबाई आली होती. इकडंतिकडं बघत म्हणाली, "दादा, मी सांगितलं म्हनू नका. पन त्या झाडाखाली चांगुणानं पिंडाचा ग्वाळा हातात घेतला. कारभारीचं नाव घेतलं. लगीच कावळा आला आन् ग्वाळा घिऊन गेला. मंग ही जी रडाया लागली, आमाला आवरंना."

मला आधी खरं वाटलं नाही. मग तुझं स्टेशनावर न उतरणं आठवलं आणि पटलं. अगं, दुसरीकडं कुठं केलं असतंस तर बाईमाणूस चुकलं म्हणून पोटात घातलं असतं. पण त्या झाडाखाली? पांढरं लुगडं नेसून माझ्या शेजारी उभी राहून तू बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्यास. पिंडदान करणार नाही, हे माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली होतीस. कारखान्यानं मला रजा दिली नाही म्हणून माझ्या जागी तुला, सख्ख्या बहिणीला, पाठवलं. चांगुणा गेली म्हणजे सहादेवच गेला, असं मी चारचौघांत सांगितलं. आता तेच चारचौघं माझ्याकडं बघून खाकरतात.

तो तिथला वाटाड्या होता ना, रामखेलावन का कोण, त्यानं भरीला घातलं असेल तर तसं लिही. वस्तीच्या पंचायतीनं ठरवलंय की तू येत्या रविवारी येऊन सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागावीस. तोवर ते रोप तुझ्याकडंच राहू दे. चौदा ऑक्टोबरला नव्या विहाराच्या दारात ते लावायचं ठरलं होतं, पण पिंड धरलेल्या हातानं आणलेलं रोप तिथं लागणार नाही. माफी मागितली नाहीस तर वस्तीतलं कोणी तुझ्या दारात येणार नाही आणि माझं दारही तुला बंद.

सहादेव


पुणतांबा
१२ जून १९७१

दादा,

सप्रेम जयभीम. मी 'सप्रेम' लिहिते, कारण मला भांडताना ते पुसावं लागत नाही.

तुझं पाकीट पोस्टमननं सगळ्या आळीसमोर वाचून दिलं. वर तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'गं. भा. चांगुणाबाई'. गंगाभागीरथी! पिंड चालत नाही, पण विधवेच्या नावामागं गंगा आणि भागीरथी दोन्ही चालतात होय रे? आधी आपलं पाकीट धू, मग माझे हात बघ.

रविवारी मी येणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही येणार नाही. आपल्या आज्याच्या वेळची जातपंचायत आठवते का तुला? गुन्हेगाराला चपला डोक्यावर घेऊन उभं करायचे. तुम्ही चपला तेवढ्या काढल्यात, उभं करणं तसंच ठेवलंत. पाटी नवी, घोंगडी जुनीच.

मी गोळा हातात घेतला का? घेतला. नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं का? गेलं. कावळ्यानं नेला का? नेला. रडले का? रडले. बायडाबाई एक अक्षर खोटं बोललेली नाही. पण तिनं जे पाहिलं त्याचा अर्थ तिनं लावला तो तिचा आणि तू लावलास तो तुझा. मला कोणी विचारलंच नाही, नुसतं बोलावलंय.

रामखेलावनाचं विचारतोस. गयेच्या स्टेशनावर तो आम्हाला भेटला. छत्रीच्या टोकाला लाल फडकं बांधून पुढं चालायचा, म्हणजे गर्दीत माणसं चुकू नयेत. आपल्याकडची माणसं नेऊन नेऊन 'इकडे या, पायताण सांभाळा' एवढं मराठी शिकलेला. आम्ही बौद्ध म्हणून सांगितलं तर म्हणाला, "कोई बात नहीं माई, पिंड सबका होता है." आणि त्या झाडाखाली जाऊन बघते तर खरंच रांगा बसलेल्या. डोकी भादरलेली, पुढ्यात पिठाचे-भाताचे गोळे, भट मंत्र म्हणतायत. दादा, मी दोन दिवस दोन रात्री गाडीत बसून गेले ती आपल्या घरी जायचं म्हणून, आणि आपल्या घरात परक्यांचं दहावं चाललेलं. माझं डोकं तिथंच फिरलं होतं.

आपल्यातल्या आणखी कोणी गोळे ठेवले असतील तर ती नावं मी सांगणार नाही. तुझ्या पंचायतीनं माझ्या जिभेवर निखारा ठेवला तरी नाही.

रोप डालड्याच्या डब्यात आहे. त्याला दोन नवी पानं आली. पाऊस नाही, विहीर तळाला गेलीय. माझ्या प्यायच्या पाण्यातलं त्याला घालते.

चांगुणा


श्रीरामपूर
४ जुलै १९७१

चांगुणा,

जयभीम. तुझं पत्र मी पंचायतीत वाचलं नाही. वाचलं असतं तर घोंगडीच्या वाक्यावरच तुझा निकाल लागला असता. तुला वाटतं मी तुझा वैरी आहे. मी तीन आठवडे सगळ्यांची तोंडं धरून बसलोय.

शांतपणे विचार केला तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हे दाजींच्या कावळ्याचं आहे. मी तिथं होतो ना. चोपन्न साली, दाजींच्या दहाव्याला, नदीवर. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. बायका तुझ्याकडं बघून कुजबुजायला लागल्या की नवऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. तू सत्तावीस वर्षांची, पदरात मूल नाही, रडायचंही विसरलेली. कोणी म्हणालं, रतनबाईला, तुझ्या सासूला, सांभाळू म्हणून सांगा. सांगितलं. घर शाकारू म्हणून सांगितलं. कावळा झाडावरून हलेना. शेवटी मीच पाण्यात उभा राहिलो आणि ओंजळ भरून शब्द दिला, "दाजी, चांगुणा पाट लावनार न्हाई. तुमच्या नावानं बसंल. ह्यो माजा शबूद हाय."

तरी शिवला नाही, ते खरं. मग दर्भाचा कावळा करून शिववला. पण तो शब्द तू पाळलास. आज पंचक्रोशीत चांगुणा धुतल्या तांदळासारखी म्हणून नाव आहे, त्याचा मला अभिमान आहे. इतकी वर्षं तो कावळा तुझ्या मनात बसून राहिला आणि बोधगयेला तुझा तोल गेला, एवढंच ना? असंच लिहून दे. 'पतीच्या आठवणीनं मन कमकुवत झालं, चूक झाली, क्षमा असावी.' सोबत मजकूर लिहूनच पाठवतो. खाली सही कर. यायचीसुद्धा गरज नाही. मी पंचायतीला पटवून देतो आणि रोप वाजतगाजत लागेल.

तुझ्या भल्यासाठी सांगतो आहे. ताणलं की तुटतं.

सहादेव


पुणतांबा
९ ऑगस्ट १९७१

दादा,

तुझा मजकूर मिळाला. चुलीत घातला, चहा झाला.

महिनाभर तुला उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की कागद फाडून टाकायचे. लोकांना वाटत असेल बाई घाबरली. मी घाबरलेली नाही. मला एवढा राग आलाय की तो कुठं ठेवावा ते कळत नाही. आता त्या झाडाखाली काय झालं ते ऐक.

रामखेलावन आम्हाला पहाटेच उठवून घाई करत होता. चहासुद्धा घेऊ देईना. मी म्हटलं, बाबा, झाड काय पळून चाललंय का? तर म्हणाला, "माई, आप के मुलुक के लोग कौवे की राह देखते हैं. सुबह कौवा भूखा रहता है, झट से आता है. धूप चढ़ी कि उस का पेट भर जाता है, फिर नहीं आता, और जजमान रोता है." आणि हसला. रोजचंच असल्यासारखं सांगून गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आम्ही आत गेलो. त्यानं सगळ्यांच्या हातात गोळे द्यायला सुरुवात केली, माझ्याही हातात दिला. विचारलं, किस के नाम से? आणि दादा, माझ्या तोंडून 'कारभारी' निघालं. मी घेतलं नाही ते नाव, ते आपोआप आलं. तेवढी माझी चूक म्हणायची असेल तर म्हण.

मग गोळा हातात घेऊन उभी असताना त्याचं बोलणं डोक्यात शिरलं. ऊन चढलं की कावळ्याचं पोट भरतं.

चोपन्न साली आपण नदीवर कधी गेलो होतो, आठव. पहाटेच गेलो होतो. पण वरच्या घाटावर पाटलांच्या घरचं दहावं होतं. त्यांचं आटोपल्याशिवाय आपल्याला पाण्याजवळ जायची सोय नव्हती. आपण सगळे वर त्या उघड्या माळावर उभे. सासूबाईंना भोवळ आली म्हणून तू धोतराचा सोगा त्यांच्या डोक्यावर धरला होतास. पाटलांच्या पिंडांवर कावळ्यांचा नुसता दंगा चालला होता, तो आपण उभ्या उभ्या बघत होतो. त्यांचं झालं, ते जेवायला गेले, ऊन डोक्यावर आलं, तेव्हा आपली पाळी. कावळे झाडात बसून चोची पुसत होते रे! त्यांना आणखी खायचं नव्हतं. माझ्या नवऱ्याचा जीव कशातही अडकला नव्हता. कावळ्यांची पोटं भरली होती.

एवढंच. एवढंच होतं ते!

कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही म्हणतात. पण कावळ्याच्या रुसव्यानं बाई मरते, ती मी. इतकी वर्षं मी रोज मनात उजळणी केली, त्यांचं काय राहिलं? मी कधी उलटून बोलले का? त्यांच्या आजारपणात कधी कंटाळले का? मूल नाही दिलं म्हणून गेले का? सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "माज्या लेकाला कावळा शिवला न्हाई, तुज्यामुळं." मी त्यांचे पाय चेपत ते ऐकून घेतलं.

आणि तुझा शब्द! तू पाण्यात उभा राहून माझं सगळं आयुष्य एका पोट भरलेल्या पाखराला देऊन टाकलंस. मला विचारलंस का? मी तिथं हाताच्या अंतरावर उभी होते. आपल्यात पाट लावायची चाल होती, आईचा स्वतःचा पाट होता, कोणी नाव ठेवत नव्हतं. पुढच्या साली काष्टीच्या छगननं निरोप पाठवला होता. तुला आठवत नसेल, मला त्यानं निरोप घेऊन पाठवलेली बाई कोणत्या रंगाचं लुगडं नेसली होती तेही आठवतं. तू तिला दारातूनच परत लावलीस. शब्द दिलाय म्हणालास. मी आत भाकरी थापत होते, भाकरी करपली. छगनचा संसार झाला, त्याचं भलं झालं, माझी काही तक्रार नाही. पण मला आतून बाहेर येऊन हो किंवा नाही म्हणू दिलं असतंस तर?

मग छप्पन साल आलं. घरातले टाक, देव्हारा, खंडोबा, सगळं तू गोणीत भरून गोदावरीत सोडलंस. मी खूश झाले होते. मला वाटलं, आता तो शब्दही जाईल पाण्यात. तू सगळे देव सोडलेस आणि तो शब्द तेवढा घरी ठेवलास. वर अभिमान सांगतोस. धुतल्या तांदळासारखी! धुतल्या तांदळाचा पिंडच करतात, दादा. तसाच करून ठेवलात माझा.

त्या झाडाखाली मी काय केलं विचार आता. मी तो गोळा भटापुढं ठेवला नाही. लांब फेकला आणि मोठ्यानं म्हणाले, "हा कुनाच्याच नावाचा न्हाई. खा." कावळा आला आणि घेऊन गेला. कोणाचं नाव नव्हतं, कोणाची इच्छा नव्हती, मंत्र नव्हता. भूक होती. मग मला रडू फुटलं. बायडाबाईला वाटलं कारभारीला मुक्ती मिळाली. मला कळलं की माझी सगळी उमर फुकट गेली.

पुणतांब्याला उतरले ती लाजेनं नाही. तुझ्या हातचा हार गळ्यात घालून घ्यायची माझी तयारी नव्हती. आणि ते रोप मला त्याच रामखेलावननं देवळामागच्या भिंतीच्या फटीतून उपटून दिलं. म्हणाला, "माई, रोओ मत."

रोप हवं असेल तर माझी एकच अट आहे. मी माफी मागणार नाही. तू चौदा ऑक्टोबरला विहाराच्या दारात उभा राहा आणि जेवढ्या मोठ्यानं नदीत बोलला होतास तेवढ्याच मोठ्यानं सगळ्यांसमोर सांग, 'चांगुणाच्या वतीनं मी जो शब्द दिला तो द्यायचा मला हक्क नव्हता, तो मी परत घेतो.' मला आता पाट लावायचा नाही. पण लावायचा नाही हे मी ठरवीन.

चांगुणा


श्रीरामपूर
३० सप्टेंबर १९७१

चांगुणा,

जयभीम. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

तू म्हणतेस ते मला घरात मान्य आहे. पण सभेत ते कसं बोलायचं? नगरहून पाहुणे यायचेत, पत्रिका छापल्यात. त्यात मी घरातली जुनी गाऱ्हाणी काढली तर लोक हसतील. आता एवढ्या वर्षांनी तो शब्द कोणाला आठवतो? आणि मी वाईट हेतूनं दिला नव्हता. बहीण बदनाम होत होती, मला दुसरं काही सुचलं नाही.

पंचायतीला मी सांगितलं की तू पिंड ठेवला नाहीस, फेकलास. त्यांनी प्रकरण मिटवलंय. तू माफी मागू नकोस, मी काही बोलत नाही, फिटंफाट. रोप सगळ्यांच्या आशेचं आहे, ते एकट्या तुझं नाही. तेरा तारखेला बायडाबाईला पाठवतो. डबा तिच्याजवळ दे.

सहादेव


पुणतांबा
१६ ऑक्टोबर १९७१

दादा,

सप्रेम जयभीम.

बायडाबाई आली होती. ती रिकाम्या हातानं का परतली ते तिनं सांगितलंच असेल. नसेल सांगितलं तर मी सांगते, तिनंच सांगायला सांगितलंय.

प्रकरण मिटवलं म्हणून तू लिहिलंस. कोणी मिटवलं? ज्यांनी काढलं त्यांनीच. फिटंफाट म्हणतोस. तुला सभेत एक वाक्य बोलायची लाज वाटली आणि मी ते वाक्य एवढी वर्षं जगले, त्याची फिटंफाट कशी होते? घरात मान्य आहे म्हणे. शब्द देताना घरात दिला होतास का?

रोप मी लावलं. चौदा तारखेलाच लावलं. घाटाच्या वर जो उघडा माळ आहे, जिथं वरच्यांचं आटोपेपर्यंत आपल्या माणसांना थांबवून ठेवायचे, तिथं. त्याला लागूनच गनीभाईचा पेरूचा मळा आहे. मी बांधावर खड्डा खणायला लागले तर तो आला. मला वाटलं हाकलतो. तर पहार घेऊन आला आणि म्हणाला, "चांगुणाबाई, हितं मुरूम हाय, तुमच्यानं व्हनार न्हाई. सरका. मोटंचं पानी इकडनंच जातं, झाडाला मिळंल." पूर आला तरी पाणी तिथवर चढत नाही.

बायडाबाई आदल्या दिवशी डबा न्यायला आली ती मुक्कामीच राहिली होती. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि मग पदर खोचून माती ओढायला बसली. माती ओढता ओढता रडायला लागली आणि आळीतल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ग्वाळा म्या ठिवला हुता. माज्या भीमासाठी. चांगुणानं न्हाई. मला भ्या वाटलं म्हनून मी हिचं नाव फुडं केलं." तिचा भीमा देवीनं गेला तेव्हा चार वर्षांचा होता. दादा, त्या बाईला तुझ्या पंचायतीनं हात जोडून उभं केलं तर माझ्याशी गाठ आहे. लेकरासाठी तिचा हात गोळ्याकडं गेला. तिला दटावू नका, तिच्याजवळ बसा. बोधगयेला मी बसले नाही, मला माझाच राग आवरत नव्हता.

तुमच्या सभेत पाहुण्यांची भाषणं चांगली झाली म्हणून कळलं. विहाराच्या दारात पिंपळ हवाच असेल तर लाव एखादा. भिंतीच्या फटीत कुठंही उगवतो तो. हाही तसाच उगवलेला आहे.

इथं यायचं असेल तर ये. माझं दार बंद नाही आणि झाडाला तर दारच नाही. कोणीही यावं, सावली होईल तेव्हा बसावं. माफी मागायला लावत नाही. एकच गोष्ट आम्ही बायकांनी त्या दिवशी ठरवली आहे आणि ती तुलाही लागू आहे.

या झाडाखाली कोणी दुसऱ्याच्या वतीनं शब्द द्यायचा नाही.

चांगुणा